कोंबड्यांच्या दांड्या : आमच्या शेडमधल्या नोंदी (आर्वी तालुका, जि. वर्धा)

१० जून २०२४
आजपासून लिहून ठेवते. शेड ३० बाय १६ फुटाचं, आत ९६ तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या), ग्रामप्रिया जातीच्या, एप्रिलमध्ये सहा आठवड्यांच्या आणल्या होत्या, आता पंधराव्या आठवड्यात आहेत. ज्याच्याकडून आणल्या तिथे रात्री वर बसायला आडवी दांडी वगैरे काही नव्हतं, खालीच भुशावर वाढलेल्या. उन्हाळा कसाबसा निघाला, मे मध्ये दुपारी सगळ्या चोच उघडून धापा टाकत होत्या, छतावर ओली पोती टाकली म्हणून वाचल्या.

हे सगळं सुरू झालं ते सासूबाईंमुळे. मी रोज रात्री पाहते की सगळ्या कोंबड्या एकाच कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसतात, सकाळी खालच्यांची पिसं घाण झालेली असतात. तर आत्याबाई (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) म्हणाल्या, "अवं, आमच्या टायमाले कोंबड्या दिवस बुडला का बोरीवर जाऊन बसत, कोनी शिकोलं होतं त्यायले? तू त्यायले बसाले जागाच नाई देली." मग डोक्यात बसलं. रानकोंबडी, जिच्यापासून आपल्या सगळ्या कोंबड्या झाल्या, ती आजही रात्री झाडावरच झोपते, खाली मुंगूस, कोल्हा, साप. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही अंधार पडला की वर चढायची ओढ गेलेली नाही.

ठरवलं असं की शेडच्या मधोमध जाळी लावायची, दोन्हीकडे ४८-४८ पक्षी. विहिरीकडच्या भागात दांड्या लावायच्या, रस्त्याकडचा भाग आहे तसाच ठेवायचा. खाद्य, पाणी, अंड्यांचे डबे दोन्हीकडे सारखेच. मोजणी पोरगी करेल, ती आठवीत आहे, तिला वही करून दिली.

१३ जून
बांबू आणले, दोन, १५-१५ फुटाचे. हिशोब असा केला: युरोपात कायद्यानं अंडी देणाऱ्या प्रत्येक कोंबडीला कमीत कमी १५ सेंटीमीटर दांडी द्यावी लागते, हा १९९९ चा नियम आहे, आणि तिथे साधे पिंजरे २०१२ पासून बंदच केले. दोन दांड्यांत ३० सेंटीमीटर आणि भिंतीपासून २० सेंटीमीटर अंतर पाहिजे असंही त्यात आहे. आमचे ३० फूट म्हणजे साधारण ९१४ सेंटीमीटर, भागिले ४८, एकीला १९ येतात. पुरेसं आहे. आपल्याकडच्या मोठ्या लेअर फार्मवर (अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे) तर कोंबडीचा अख्खा जन्म वहीच्या उघड्या पानाएवढ्या जागेत जातो, तिथे दांडीचा प्रश्नच येत नाही.

बांबू सुतळीने खांबाला बांधले, एक साडेचार फुटावर, दुसरा तीन फुटावर.

१४ जून
एकही बसली नाही. एकही नाही. रात्री नऊला जाऊन पाहिलं तर दांड्या रिकाम्या आणि सगळ्या त्याच कोपऱ्यात.

१७ जून
आज संध्याकाळी दार लावून आतच बसून राहिले पाऊण तास. अंधार पडायच्या आधी त्यांची चुळबुळ सुरू होते हे पहिल्यांदा नीट दिसलं. मान वर करून दांडीकडे पाहतात, दोन पावलं मागे जातात, पंख थोडे उघडतात, पुन्हा मिटतात, परत पाहतात. म्हणजे जायचं तर आहे. एक तपकिरी, तिच्या डाव्या पायात निळी रिंग आहे, तिनं उडी मारली, बांबूवर पाय टेकले, बांबू गोल आणि गुळगुळीत, पाय सटकला, पंख फडफडवत दोन क्षण तोल सावरला आणि छातीवर धाडकन खाली आली. तो आवाज ऐकून मलाच कसंतरी झालं. नंतर थोडी लंगडत होती.

चूक माझी आहे. ज्यांनी कधी दांडी पाहिली नाही त्यांना एकदम साडेचार फुटावर बसा म्हटलं.

१८ जून
दोन्ही बांबू खाली घेतले. पहिला दीड फुटावर, दुसरा त्याच्या मागे अडीच फुटावर, म्हणजे शिडीसारखं झालं. कोंबडीला वर चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि एका दांडीवरून दुसरीवर जायचा उतार ४५ अंशापेक्षा खडा झाला तर तिचा अंदाज चुकतो, पडते. म्हणून दोन दांड्यांच्या मधलं आडवं अंतर दीड फूट ठेवलं. बांबूवर सुतळी गुंडाळली, पकड यावी म्हणून.

२६ जून
रोज रात्री आठ वाजता मी आणि पोरगी मोबाईलच्या उजेडात एकेक कोंबडी उचलून दांडीवर ठेवून राहिलो आहोत. अंधारात त्या शांत असतात, पकडायला त्रास नाही. छातीखाली हात घालून पाय दांडीला टेकवायचे, ती स्वतःच बोटं आवळते, मग हळूच हात काढून घ्यायचा. पहिल्या रात्री ठेवलेल्यातल्या निम्म्या खाली आल्या. आज नववी रात्र, आपोआप चढलेल्या मोजल्या तर ३१. निळ्या रिंगवाली अजून खालीच आहे.

२० जुलै
फार वाईट रात्र. पाऊस तर आठवडाभर चालूच होता, पण काल अकरा वाजता विजा अशा कडाडल्या की आमचंच दार हललं, लाईट गेली. सकाळी रस्त्याकडच्या भागात कोपऱ्यात चार मेलेल्या. अंगावर जखम नाही, काही नाही, घाबरून सगळ्या एकमेकींवर चढल्या आणि खालच्या गुदमरल्या. उचलल्या तेव्हा पिसं ओली आणि अजून गरम होती. विहिरीकडच्या भागात एकही नाही. तिथे ४० च्या वर दांडीवर होत्या, त्यांना ढीग करायला जागाच नव्हती.

एका रात्रीवरून सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, वीज कोणत्या बाजूला जास्त दिसली, छत कुठून गळत होतं, हेही असू शकतं. पण चार तलंगा अंडी सुरू व्हायच्या महिनाभर आधी गेल्या, आणि आमचे हे म्हणाले की दुसऱ्या बाजूलाही आजच लाव. मी थांबायचं ठरवलं, मोजणी अर्धवट राहिली तर काहीच कळणार नाही. त्या बाजूच्या कोपऱ्यात मात्र वीट-माती भरून कोपरा गोल केला, म्हणजे ढीग साचणार नाही. रात्रीचा एक लहान बल्बही बॅटरीवर लावला.

५ ऑगस्ट
शेडमध्ये डोळे चुरचुरून राहिले. आमच्याकडे सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) अंथरलेलं आहे, भाताचं तूस भंडाऱ्याकडून आणायचं तर भाडंच जास्त. कुटार ओलं झालं की लगेच कुजतं. आणि दांड्यांमुळे एक नवीन भानगड, रात्रभर सगळ्या एकाच जागी बसतात म्हणून त्यांची विष्ठा एकाच पट्ट्यात पडते, तिथे लगदा झाला. दोन कोंबड्यांच्या तळपायाला काळे चट्टे दिसले. ओल्या घाणीत पाय राहिले, वरून दांडीही ओली राहिली, की तळपाय सुजतो, आत गाठ धरते, मग ती नीट चालतही नाही. म्हणूनच त्या युरोपच्या नियमात दांडी भुशाच्या वर लावू नका असं लिहिलेलं आहे, ते मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

उपाय: दांड्यांच्या खाली विटांवर जुने टिनपत्रे ठेवले, वर राख टाकली. तीन दिवसाआड खरडून काढायचं. आता उलटा फायदा झाला, रात्रीची विष्ठा सगळी पत्र्यावर मिळते, बाकीचं कुटार दुसऱ्या बाजूपेक्षा कोरडं राहतं. खत वांग्याच्या वाफ्यासाठी वेगळं साठवतो, ताजं टाकलं तर मुळं जळतात म्हणून खड्ड्यात कुजवायचं.

२३ ऑगस्ट
पहिलं अंडं! विहिरीकडे. लहानसं, तपकिरी, त्यावर रक्ताची एक बारीक रेघ. पोरगीनं वहीत चित्रच काढलं.

२ सप्टेंबर, पोळा
बैलांच्या गडबडीत मोजणी संध्याकाळी केली. मागच्या सात दिवसांत विहिरीकडे ५८ अंडी, त्यातली १७ खाली भुशावर. रस्त्याकडे ५१, त्यातली २४ खाली. डबे जमिनीपासून दोन फुटावर आहेत. ज्या कोंबडीला वर उडी मारायची सवयच नाही ती डब्यापर्यंत जातच नाही, खाली कोपरा पाहून बसते. खालचं अंडं म्हणजे घाण अंडं, फुटलेलं अंडं, आणि फुटलं की बाकीच्या चोच मारून खातात, ती सवय लागली की सुटत नाही. बाजारात स्वच्छ तपकिरी अंड्याला १२ रुपये येतात, डाग पडलेलं असेल तर गिऱ्हाईक उचलून परत ठेवतं.

पण विहिरीकडेही १७ खाली येतात हे मला पटत नाही. दांडीवर चढायला शिकल्या तरी उशिराच शिकल्या. चार आठवड्याच्या आतच पिल्लांना दांडी मिळाली तर पुढे मोठेपणी खाली अंडी कमी देतात, आणि एकमेकींच्या मागच्या भागाला चोच मारून जखमी करायचं प्रमाणही कमी राहतं, हे परदेशातल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. ते आता स्वतः करून पाहायचं. ५० पिल्लांची ऑर्डर दिली.

१४ सप्टेंबर
५० पिल्लं आली, एक दिवसाची. ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायची जागा) सुरू. सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत रोगाची लस), चौदाव्याला गंबोरो रोगाची लस, तारखा दारावर खडूने लिहिल्या.

२५ सप्टेंबर
पिल्लं अकरा दिवसांची. ब्रूडरमध्ये चार इंचावर एक लाकडी पट्टी ठेवली, पट्टीला एक छोटा उतारही लावला. दुपारी पाहिलं तर सात-आठ जणी पट्टीवर आणि एक वरच डोळे मिटून झोपलेली! यांना कोणी उचलून ठेवलं नाही. आत्याबाईंना बोलावून दाखवलं, त्या म्हणाल्या, "पाह्य, म्या काय सांगत होती."

१३ ऑक्टोबर
रस्त्याकडे एक कोंबडी मेली, बाकीच्यांनी टोचून मारली. शेपटीजवळ रक्त आलं की सगळ्या तिच्याच मागे. तिला पळून बसायला जागा नव्हती, चारही बाजूंनी जमीनच. विहिरीकडेही एक दबलेली कोंबडी आहे, मानेवरची पिसं गेलेली, पण ती दिवसा वरच्या दांडीवर जाऊन बसते, खालून कोणी पोचत नाही, आणि दुपारी बाकीच्या धूळ अंगावर घेत असतात तेव्हा खाली येऊन खाऊन घेते. आता रस्त्याकडे ४३, विहिरीकडे ४७ (एक ऑगस्टमध्ये आजारानं गेली होती).

१० नोव्हेंबर
आज जे कळलं ते मनाला लागलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर लसीसाठी आले होते. त्यांना दांड्या दाखवल्या, मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी एक कोंबडी उचलली, उलटी केली आणि माझा अंगठा तिच्या छातीच्या मधल्या हाडावर ठेवला, म्हणाले, "वहिनी, वरून खालपर्यंत फिरवा." हे हाड नावेच्या तळासारखं सरळ पाहिजे. माझा अंगठा अर्ध्यात गेला आणि हाड बाजूला वळलं, पुन्हा परत आलं, सापाच्या चालीसारखं. खालच्या टोकाला एक गाठ, जुनं मोडलेलं आणि स्वतःच जुळलेलं. ती निळ्या रिंगवालीच होती.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, ते खाद्यातून पुरलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते. त्यात छातीच्या हाडाचं खालचं टोक तर अंडी सुरू झाल्यावरही बराच काळ कुर्चेसारखं मऊच असतं. रात्री कोंबडी दांडीवर बसते म्हणजे पायावर उभी राहत नाही, छाती टेकून बसते. आमचा बांबू सव्वा इंचाचा, त्यावर सुतळीचे वळ, म्हणजे रोज रात्री दहा-अकरा तास सगळं वजन एका अरुंद रेघेवर. दाबानं हाड वाकतं, पडलं की मोडतं. दांडीमुळे पायाची आणि पंखाची हाडं मजबूत होतात, तेही खरं, पण छातीचं हाड बिघडू शकतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात.

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोन्हीकडच्या वीस-वीस कोंबड्या तपासल्या. विहिरीकडे ६ जणींचं हाड वाकडं. रस्त्याकडे २. म्हणजे ज्यांचं भलं करायला निघाले त्यांचीच छाती मी वाकडी केली. त्या अंडी देऊन राहिल्या, खाऊन राहिल्या, बाहेरून काही दिसत नाही, पण मोडलेलं हाड दुखतच असणार. आता कोंबडी हातात घेतली की आधी अंगठा फिरवते.

१७ नोव्हेंबर
सुताराकडून बाभळीच्या पट्ट्या करून आणल्या. वरचा भाग दोन इंच रुंद आणि सपाट, कडा रंध्याने गोल केलेल्या, जेणेकरून बोटं पुढून वळतील आणि छातीला पसरट आधार मिळेल. मऊ आवरण लावलं तर दाब अजून कमी होतो, म्हणून एका पट्टीवर सायकलची जुनी ट्यूब ताणून बसवली, दुसरी तशीच ठेवली. खाद्यासोबत शेलग्रिटचं (शिंपल्यांच्या चुऱ्याचं, कॅल्शियमसाठी) वेगळं भांडं, संध्याकाळी भरायचं, कारण कवच रात्रीच बनतं. उंची तीच, दीड आणि अडीच फूट. त्यापेक्षा वर नाही.

१ डिसेंबर
नोव्हेंबरची सरासरी काढली. विहिरीकडे ४७ कोंबड्या, दिवसाला ३१ अंडी. रस्त्याकडे ४३, दिवसाला २८. टक्क्यात पाहिलं तर ६६ आणि ६५. म्हणजे दांडीमुळे अंडी वाढतात असं जे कोणी सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या वहीत तरी वाढलेली नाहीत. फरक दुसरीकडे आहे: विहिरीकडची खालची अंडी आता दिवसाला तीन, रस्त्याकडची नऊ. त्या सहा अंड्यांचे पैसे, आणि मेलेल्या कमी.

बचत गटात हे वाचून दाखवलं तर एकीनं विचारलं, आमच्याकडे ब्रॉयलर आहे, आम्हीही दांडी लावू का. ब्रॉयलरचं वेगळं आहे. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाणारा पक्षी, छाती जड, पाय अशक्त, तो दांडीवर चढत नाही आणि चढला तर तोल जातो. त्याला रुंद पाट पाहिजे, जमिनीपासून थोडा वर आणि चढायला उतार असलेला. तिला म्हटलं जुन्या दरवाजाची फळी टाकून पाह्य आधी.

२९ डिसेंबर
कोंबड्या तीन दिवसांपासून दांडीवर जायला पाहत नाहीत, खाली बसतात. तुरे फिके पडले. रात्री पट्टीखालून पांढरा फडका फिरवला, फडक्यावर लाल ठिपके उमटले. ट्यूब कापली तर खाली राखाडी-लाल बारीक किडे गच्च भरलेले, रक्त पिऊन फुगलेले. खांबाच्या भेगेत चपटे गोचीडही सापडले. हे दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबडी झोपली की बाहेर येऊन रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधलं तर काहीच सापडत नाही.

ट्यूब जाळली. सगळ्या पट्ट्या काढल्या, उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या, खांबाच्या भेगा चुन्यानं बुजवल्या. सुतळी कायमची बंद. आता पट्ट्या लोखंडी आकड्यात नुसत्या बसवल्या आहेत, उचलून बाहेर काढता येतात. दर पंधरा दिवसांनी ऊन द्यायचं. मऊ आवरण छातीला चांगलं होतं हे पटतं, पण आमच्याकडे किड्यांनी ते चालू दिलं नाही, रुंद सपाट लाकडावरच भागवायचं.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत
वाण लुटायला आलेल्या बायका आधी शेड पाहून मग घरात येतात. कोंबड्या पुन्हा वर बसतात, तुऱ्याला रंग आला.

९ मार्च
सप्टेंबरच्या पिल्लांची अंडी सुरू झाली, त्यांना मागच्या पडवीत वेगळं ठेवलं आहे. ४७ जगल्या, सगळ्या लहानपणापासून पट्टीवर वाढलेल्या. आठ दिवसांत ४४ अंडी, खाली फक्त ३! डबे त्याच उंचीवर आहेत. सरळ चढतात, आत जाऊन बसतात, जणू त्यांना कोणी सांगून ठेवलं आहे. वीस जणींच्या छातीवर अंगठा फिरवला, सगळी हाडं सरळ लागली, एका ठिकाणी किंचित खळगा वाटला, तिच्या पायात लाल रिंग घातली, महिन्यानं परत पाहीन.

१६ मार्च
धुळवड झाली आणि ऊन एकदम चढलं. दुपारी कोंबड्या भुशावर न बसता खालच्या पट्टीवर पंख अंगापासून दूर धरून बसतात, खालून-वरून वारा लागतो. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकून आणि तुरा, गलोल (चोचीखालची लोंबती कातडी), पाय यातून उष्णता जाते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं दांडी म्हणून लोखंडी पाईप लावून त्यात थंड पाणी फिरवून पाहिलं, उन्हाळ्यात त्या कोंबड्यांना आराम पडला. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे, वरची टाकी आहे. आमच्या ह्यांना म्हटलं एक पाईप जोडून पाहू, पण गोल पाईप छातीला पुन्हा तोच त्रास देईल, म्हणून फक्त मे महिन्यापुरता, दुपारी बसण्यासाठी खाली, आणि रात्रीच्या पट्ट्या आहेत तशाच.

आज मधली जाळी काढली. रस्त्याकडेही चार पट्ट्या बसवल्या, सगळ्यात खालची एक फुटावर. साडेसहाला दार लावून आत बसले. त्या ४३ मधल्या पाच जणी पट्टीसमोर येऊन उभ्या राहिल्या, मान वर करून पाहतात, मागे जातात, परत येतात. निळ्या रिंगवाली पलीकडून आली, खालच्या पट्टीवर चढली आणि सरकत सरकत मधोमध जाऊन बसली. आठ वाजता पोरगीला हाक मारली, बॅटरी घेऊन ये म्हटलं, बाकीच्यांना उचलून ठेवायचं आहे.